झिजलेले कान

"अहो आई! रडून रडून निळं पडलंय लेकरू!"

सुनेने खांदा धरून गदागदा हलवलं तेव्हा कुठे आईंनी मान वळवली. पाळण्याकडे पाठ करून त्या मटार सोलत बसल्या होत्या. बाळाचा आवाज पार बसला होता. नुसते उमाळ्यावर उमाळे येत होते.

"आत्ता तर झोपलं होतं," आई ठसक्यात म्हणाल्या. "तुम्हाला मेलं जरा रडलं की जगबुडी! पोरं काय हसत हसत मोठी होतात?"

बसल्या जागी मात्र त्या वळल्या. मटाराचं ताट त्यांनी पाळण्याच्या बाजूला ओढून घेतलं.

आईंचा जन्म गेला कापडगिरणीत. मागांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं कानावर पडेल तर शपथ, म्हणून तिथल्या बाया ओठांवरून शब्द उचलायच्या. आई त्यात पटाईत. मुकादम पलीकडच्या रांगेत नुसता पुटपुटला, तरी यांनी त्याला फाडून खाल्लंच म्हणून समजा. मागाचा दांडा झिजला की मेस्त्री बदलून टाकी. कान झिजला, त्याला मेस्त्री कुठला? घरीही समोरच्याचं तोंड दिसलं की भागत होतं. मोठ्याने बोलतात म्हणून शेजारीपाजारी 'तोफ' म्हणत, तेवढंच.

लेकाने डॉक्टरकडे नेलं.

"झीज आहे," डॉक्टर म्हणाला. "हळूहळू झालेली. भरून यायची नाही."

"झिजायला कान काय वहाण आहे?"

डॉक्टर हसला. लेक हसला नाही. रस्त्यात तो समोर येऊन उभा राहिला. "आई, कधीपासून?"

"तुझी बायको तोंडातल्या तोंडात बोलते, त्याला मी काय करू?"

या घरात त्यांचा शब्द कधी खाली पडला नव्हता. तोही असाच झिजत गेला. आधी भाजी कुठली करायची ते गेलं, मग पाहुण्यांना काय द्यायचं ते. दिवसभर सांभाळायला नातू तेवढा उरला होता.

संध्याकाळी लेक-सून दाराशी बोलत होते, बाळ सुनेच्या कडेवर. आई भांडी पुसत होत्या, डोळे दाराकडे.

"उद्यापासून पाळणाघर," सुनेचे ओठ म्हणाले.

"आई मोडून पडेल गं."

"आणि बाळाला काही झालं तर?"

लेकाने तोंड उघडलं, आणि त्याची नजर आईंच्या नजरेला भिडली. आईला सगळं कसं कळायचं, ते त्याला आज कळलं.

तो भिंतीकडे वळला. बायकोचा दंड धरून तिलाही वळवलं.

आता तिच्या खांद्यावरून बाळ तेवढं आईंकडे बघत होतं. त्याचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला.

"भूक लागलीय त्याला!" आई ओरडल्या.

सुनेने मागे न बघताच बाळाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याचं तोंड हळूच आपल्या गळ्याशी वळवून घेतलं.