ड्रम परत येणार

मामा तिचे सख्खे मामा. आईचे धाकटे भाऊ. पण ऑफिसात सगळेच त्यांना मामा म्हणायचे, अगदी मॅनेजरसुद्धा. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं, "कस्टमवाले मला काय मामा बनवणार? मी जन्मजातच मामा!"

कंपनी केबलची. कारखाने चार देशांत. माल देशाबाहेर काढायचा म्हणजे कस्टमला डिक्लेरेशन द्यायचं, आणि चारही देशांचे फॉर्म वेगळे. एकाला मालाचं वर्णन लांबलचक हवं, दुसऱ्याला एक शब्द जास्त झाला तरी संशय येणार. एकतीस वर्षं हे सगळं मामांच्या डोक्यात. तिचे वडील गेले त्या वर्षी मामांनीच तिला इथे चिकटवलं. शेजारच्या खुर्चीत बसवून, हाताला धरून शिकवलं.

मग वरून हुकूम आला. चार फॉर्मचा एकच फॉर्म करा. माहिती एकदाच भरायची, कुठल्या देशाला काय पाठवायचं ते कॉम्प्युटर बघेल. काम भाचीच्या गळ्यात.

मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं.

"पहिल्या महिन्यात माल कुठेच अडला नाही तर मामांचं टेबल बंद. अडला, तर त्यांना निवृत्तीपर्यंत ठेवावंच लागेल. दोनच वर्षं राहिलीत. मलाही वाईट वाटतं हो." वाईट वाटत असताना तो मोबाइल बघत होता.

मामी गेल्यापासून मामांना घरी बोलायला फक्त भिंती. नोकरी सुटली की हा माणूस संपला, हे तिला पक्कं माहीत होतं.

तरी मामा सांगत गेले, ती टाइप करत गेली. दोन महिने. "लिहून घे भाचेबाई, सगळी विद्या फुकट देतोय!" सगळं सांगितलं. एक सोडून.

केबल मोठ्या लाकडी ड्रमवर गुंडाळून जाते. चारांपैकी एका देशात त्या ड्रमची वेगळी ओळ लिहावी लागते, की हे रिकामे होऊन परत येणार आहेत. नाही लिहिलं तर अख्खा माल कस्टमच्या गेटवरच अडणार. हे मामांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, ती विसरली म्हणून बोटांवर पट्टीही मारली होती.

ती वाट बघत राहिली. आज सांगतील, उद्या सांगतील. यादी संपली, मामांनी हात झटकले. तेव्हा तिच्या लक्षात आलं. अरे वा! म्हातारा पक्का. हुकमाचं एक पान हातात ठेवलंय.

मग तीही गप्प बसली. रकाना घातलाच नाही. मनातल्या मनात हसलीसुद्धा. चोरावर मोर!

नवा फॉर्म सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात माल अडला. मॅनेजर धावत आला. "मामा कुठायत? मामांना बसवा!"

मामा बसले. मागे मॅनेजर, कॉम्प्युटरवाले दोघं, आणि ती. तिला आतून गुदगुल्या होत होत्या. मामांनी चष्मा पुसला, वरून वाचायला सुरुवात केली. खालपर्यंत गेले. पुन्हा वर.

"वजन बरोबर... कोड बरोबर..."

पुन्हा वर.

"मामा," ती हसत म्हणाली, "केबल कशावर गुंडाळतात?"

"कशावर म्हणजे? ड्रमवर."

"मग?"

"मग काय?"

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत कसलीच लबाडी नव्हती. तिचं हसू तिथेच मावळलं. लपवायचं तर आधी आठवावं लागतं.

मामांचं बोट एकाच ओळीवर थांबलेलं. कॉलर घामाने भिजलेली. हळूच तिला म्हणाले, "माझ्या वहीत असेल. कुठली गं वही?"

मॅनेजरने घड्याळ बघितलं.

ती त्यांच्या खांद्यावरून वाकली आणि एक ओळ टाइप केली. दहा सेकंद लागले असतील. अर्ध्या तासात फोन आला, माल सुटला.

"म्हणजे तुलाच येत होतं की," मॅनेजर म्हणाला. "मग अडलं कशाला?"

"रकाना राहिला. माझी चूक."

"घालून टाक आजच. म्हणजे प्रश्नच मिटला." मामांकडे न बघताच तो गेला.

संध्याकाळी जिन्यात मामांनी तिला थांबवलं.

"तुला ठाऊक होतं. मग आधी का नाही घातलंस?"

"मला... मला वाटलं, तुम्ही मुद्दाम लपवून ठेवलंय."

मामांच्या चेहऱ्यावर चक्क उजेड आला.

"मुद्दाम? मी?"

"हो."

"मग तसंच सांग सगळ्यांना. चूक स्वतःवर घेऊ नकोस. म्हण, म्हातारा लबाड होता, शेवटपर्यंत सगळ्यांना खेळवत होता." त्यांनी कठडा घट्ट धरला. "आईलाही तसंच सांग. सांगशील ना?"

तिने होकारार्थी मान डोलावली.