पदराची मागची बाजू

रेणूने लॅपटॉपचा आवाज पार बंद केला, तरी पडद्यावरची रेणू बोलतच राहिली. ओठ हलत होते, हात उघडत-मिटत होते, मान नेहमीसारखी किंचित डावीकडे कललेली. बेसमेंटमधल्या गादीवर बसून खरी रेणू मांडीवरच्या गढवाल साडीची घडी घालत होती आणि स्वतःला साड्या विकताना बघत होती. असा योग फार कुणाच्या नशिबी येत नसेल, आणि नाही येत तेच बरं.

पडद्याच्या कडेने कॉमेंट वर सरकत होत्या. जांभळी माझी. मोरपंखी बाजूला ठेवा. कुणीतरी किंमत विचारली, पडद्यावरच्या बाईने गोड हसून सांगितली, आणि खाली लगेच उत्तर आलं, चालेल. रेणूचा हात घडीवरच थांबला. चालेल? या बायका? 'अगं, सणाचं काहीतरी कमी कर' म्हटल्याशिवाय ज्यांना साडी अंगाला लागत नसे, त्या चालेल म्हणत होत्या.

आन्या जिन्याच्या पायरीवर चिप्स खात बसली होती. तिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा आईकडे.

"आई, शी इज सो मच नाइसर दॅन यू."

रेणूने शेजारची पांढरी पाटी उचलली, त्यावर मोठ्या अक्षरात 'अभ्यास' असं लिहिलं आणि लेकीसमोर धरली. सध्या तिचं सगळं बोलणं त्या पाटीवर चालत होतं. पाटीवर रागावताही येत नाही धड. लिहून होईपर्यंत समोरचा माणूस निघून जातो, तशी आन्याही गेली.

साड्यांचा हा उद्योग रेणूने हौस म्हणून सुरू केला होता. नागपूरहून येताना आणलेल्या चार साड्या मैत्रिणींनी ओढूनच नेल्या, आणि मग बघता बघता ट्रॉय या अमेरिकन गावातल्या त्या बेसमेंटमध्ये भिंतभर कपाटं उभी राहिली. रोज संध्याकाळी ती फोनसमोर बसायची. ॲन आर्बरपासून अ‍ॅशबर्नपर्यंतच्या बायका पोळ्या लाटता लाटता तिचं लाइव्ह लावून ठेवायच्या. साडी हातात आली की रेणू आधी पदर उलटा करायची, दिव्यासमोर धरायची आणि म्हणायची, मागची बाजू बघा बायांनो, पुढून सगळ्याच छान दिसतात. धागा सुटला असेल तर आपणच बोट ठेवून दाखवायची. कुणी तिसऱ्यांदा तोच राणी रंग मागितला तर सरळ रागवायची, की घरात काय रंगपंचमी आहे का, दुसरा घे. बायका भांडायच्या, घासाघीस करायच्या, नाही म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

इतकं बोलून बोलून घसा गेला. गाठी आहेत, काढाव्या लागतील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यानंतर काही आठवडे घशाला विश्रांती. सुरुवातीला तर अक्षरही उच्चारायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, आणि जमलं तर हसूही नका. रेणूला तेव्हा खरंच हसू आलं होतं, कारण नवरात्र तोंडावर होतं आणि मागून दिवाळी येत होती. ऐन सणात दुकान बंद ठेवायचं म्हणजे बायकांनी दुसरं दुकान शोधायचं. एकदा गेलेलं गिऱ्हाईक साडीच्या घडीसारखं सहज परत मिटून ठेवता येत नाही.

तोडगा तिच्या नवऱ्याने, परीक्षितने काढला. तो गाड्यांच्या कंपनीत आयटीत होता. तिथल्या एका शोरूममध्ये पडद्यावरची एक बाई गिऱ्हाइकांशी बोलायची, गाडीचं मायलेजही सांगायची आणि कर्जाचा हप्ताही. हांगचौच्या एका चिनी कंपनीने ती बनवलेली होती आणि कंपनीचं छोटं ऑफिस त्यांच्या घरापासून फार लांब नव्हतं. ऑपरेशनच्या आधी तो रेणूला तिथे घेऊन गेला.

रेकॉर्डिंग करणारी लिन नावाची तरुण मुलगी होती. हिरव्या पडद्यासमोर बसवून तिने रेणूला बजावलं, की नेहमीसारखं बोला, पण चेहऱ्यासमोर काही आणू नका, हातात कापड नको. साड्यांचे फोटो आम्ही नंतर शेजारी दाखवू. पण रेणूचा हात काही ऐकेना. बोलता बोलता तो पदराकडे जायचा आणि पदर उलटा करून समोर धरायचा. लिन पुन्हा पुन्हा थांबवून थकली. असं केलंत तर कॉम्प्युटर तुमचं नाक पदराला चिकटवून टाकेल, ती म्हणाली. आवाज जुन्या लाइव्हमधून घेतला, घसा चांगला होता तेव्हाचा. आमच्याकडे अशी माणसं दिवसरात्र लिपस्टिक आणि तवे विकतात, त्यांना पाणीही लागत नाही, असं लिनने अभिमानाने सांगितलं. मग वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, की माझी आई मात्र त्यांच्याकडून कोबीसुद्धा घेणार नाही, भाव करता येत नाही म्हणून.

बोलणारी बाई खरी नाही हे गिऱ्हाइकांना कळायला हवं, असंही लिनने सांगितलं होतं. परीक्षितने पेजच्या तळाशी बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ टाकली. ती कोण वाचतंय? रेणूला ते टोचत होतं, पण भूल उतरून घरी आली तेव्हा पहिलं लाइव्ह होऊनसुद्धा गेलं होतं आणि ऑर्डरी येऊन पडल्या होत्या. आता तोंडाने सांगायचं तर तोंडच बंद.

आणि ती दुसरी रेणू धंदा करत होती, काय सांगावं. कुणाला रागवत नव्हती. सगळ्यांना तुम्हाला खूप शोभेल म्हणत होती. ॲन आर्बरला लेकीकडे राहणाऱ्या अहिल्याकाकूंना, पंचाहत्तरी उलटलेल्या बाईंना, ती अहिल्याताई म्हणाली तेव्हा रेणूने कपाळाला हात लावला. साडी हातात घेतल्याबरोबर पदर उलटा कर म्हणून ओरडणाऱ्या या काकू. आता त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, बरं. आणि साडी घेतली. कुणीच मागची बाजू मागत नव्हतं. कुणी नाही म्हणत नव्हतं. नवरात्र गेलं, माल संपत आला.

रेणूला याचं सुख व्हायला हवं होतं. झालं नाही. रात्री उशी कुशीत घेऊन ती एकच गोष्ट घोळवत राहायची, की इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं बायका आपल्यासाठी येतात. त्या साड्यांसाठी येत होत्या आणि आपली बडबड सहन करत होत्या. ती गेली तर किती सुटल्या बिचाऱ्या.

लिनच्या कंपनीने वर्षभराचा करार पाठवला. परीक्षितने तो टेबलावर ठेवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घे की सही करून. खूप ओरडलीस यार, आता आराम कर. आय मीन इट."

तो मनापासून बोलत होता, हेच तिला जास्त लागलं. तिने पाटीवर लिहिलं, उद्या करते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, दारावरची बेल वाजली. दारात अहिल्याकाकू उभ्या होत्या, अंगात लेकीचं जाकीट, हातात कापडी पिशवी. मागे गाडीत सुचित्रा, त्यांची लेक, फोनवर बोलत बसली होती. काकू कुणी या म्हणण्याआधीच चपला काढून आत आल्या, सोफ्यावर टेकल्या आणि पिशवीतून पहिल्यांदा ज्येष्ठमधाची पुडी काढली, मग साडी काढली. नवरात्रात त्या दुसऱ्या रेणूकडून घेतलेली.  आली परत साडी. खोट निघाली असणार. आपण असतो तर आधीच दाखवली असती.

तिने घाईघाईने पाटीवर लिहिलं, पैसे देते परत.

काकूंनी पाटी वाचली, पदरानेच पुसली आणि तिच्या हातात परत दिली.

"कुणी मागितलेत? ही घडी तू मोडायचीस, म्हणून आणलीय. दिवाळीला तू नेस, मग मी नेसेन."

नव्या साडीची घडी आपल्या माणसाने आधी मोडायची असते. रेणूच्या आईने तिची अशीच मोडली होती. रेणूने ती साडी हातात घेतली.

"आणि त्या बयेला आवर आता," काकू म्हणाल्या. "कंटाळा आला तिचा. मला ताई म्हणते. माझ्या लेकीच्या वयाची असेल ती."

रेणूने खडू शोधावा तसा पाटीचा पेन शोधला, सापडला, आणि कसंबसं लिहिलं, तुम्हाला माहीत होतं?

मग काकूंनी सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सवयीने लिहिलं होतं, पदर उलटा कर. ती म्हणाली, नक्की ताई, फारच सुंदर निवड. आणि पदर काही उलटा झाला नाही. काकूंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा सुंदर निवड. रेणू मेली तरी पदर उलटा करायचं विसरणार नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या घाबरल्या आणि घरी फोन केला. तो आन्याने घेतला. मॉम कान्ट टॉक, तिचं ऑपरेशन झालं, स्क्रीनवर आहे तो अवतार आहे, असं आन्याने सगळं सांगून टाकलं आणि नंतर काकूंचा फोन आल्याचं आईला सांगायला विसरली. कार्टीच ती.

त्याच संध्याकाळी काकूंनी बायकांच्या ग्रुपवर हुकूम काढला होता. रेणूचा घसा बरा होईपर्यंत त्या बाईशी हुज्जत घालायची नाही. भाव करायचा नाही, मागची बाजू मागायची नाही, परत करायचं नाही. हवं तर घ्या, नको तर गप्प बसा. आणि रेणूला यातलं काही कळता कामा नये.

रेणूने पाटीवर फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

"कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी येऊन बसली असतीस घोगऱ्या आवाजात," काकू म्हणाल्या. "ओळखत नाही का मी तुला?"

रेणूचे डोळे भरून आले. हुंदका द्यायचीही बंदी होती, म्हणून ती तोंडावर हात दाबून नुसती हलत राहिली. म्हणजे त्या सुटल्या नव्हत्या. एवढे आठवडे त्या सगळ्याजणी जीभ चावून बसल्या होत्या, तिच्यासाठी, आणि तिला वाटलं होतं, त्यांना ती दुसरी आवडली.

मागची बाजू न बघताच घेतल्या एवढ्या साड्या, असं तिने शेवटी लिहिलं.

"तुझ्या कपाटातल्या ना? मग काय बघायचंय," काकू म्हणाल्या आणि चहाचं बघ म्हणून उठून स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या.

करारावर तिने सही केली नाही. पण लिनला सरळ नाहीही म्हटलं नाही. पार्सल कुठवर आलं, फॉल-बिडिंग करून मिळेल का, असले प्रश्न सकाळपासून येतात, त्यांना ती बाई उत्तरं देऊ दे, मला तेवढा वेळ झोप मिळेल, असं तिने कळवलं. तिला पाणीही लागत नाही. लिनचं उत्तर लगेच आलं. माझ्या आईला सांगते, तिला आनंद होईल.

दिवाळीच्या आधीच्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने रेणू पुन्हा फोनसमोर बसली, थोडाच वेळ. अंगावर काकूंची साडी होती, नेसताना कडक घडी काडकन मोडली होती. परीक्षितने पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. आन्या पायरीवर, डॉक्टरांच्या सूचना पाठ असल्यासारखी, पहारा देत होती.

"या," रेणू म्हणाली. आवाज जाडसर, अर्धा हवेतच विरणारा, अनोळखी. तिचा तिलाच.

 पडद्यावर हळूहळू कॉमेंट उमटल्या. छान. मस्त. बरं वाटलं. रेणूने त्या वाचल्या. लागलीच की सवय यांना. तिने समोरची हिरवी पैठणी उचलली, रंग सांगितला, किंमत सांगितली, आणि थांबली.

पदर उलटा कर, अहिल्याकाकूंनी लिहिलं.

रेणूने पदर उलटा केला आणि दिव्यासमोर धरला. मोराच्या मानेपाशी एक पिवळा धागा लोंबत होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे बघा, इथे सुटलाय."

मग नको, काकूंनी लिहिलं. खाली लगेच अ‍ॅशबर्नची कुणीतरी आली, की मला चालेल पण अर्ध्यात दे. मग तिसरी म्हणाली, अर्ध्यात काय, मला फुकट दे, मी इतके दिवस गप्प बसलेय. आणि मग एकदम सगळ्याच तुटून पडल्या, नको, महाग आहे, परवाची परत घेशील का, हा रंग काय आणलास मेला.

रेणू हसली. घशातून आवाज फुटला, फाटका, मोठा, आणि थांबेचना.

"मॉम! नो लाफिंग!" आन्या ओरडली.

रेणूने डोळे पुसले, पाण्याचा घोट घेतला, हिरवी बाजूला ठेवली आणि पुढची साडी उचलली. आधी पदर उलटा केला.