दत्तरावांच्या हाताला काम

लिंबाजी मास्तरांचा बन्सीधर नागपूरला नेमकं काय शिकतो, हे आमच्या पेडगावात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आणि सगळ्यांत कमी सांगता येत होतं ते खुद्द लिंबाजी मास्तरांना. कुणी विचारलं की मास्तर म्हणत, "मेडिकल कॉलेजात हाय." हे पूर्ण खरं होतं. मग थोडं थांबून म्हणत, "डाक्टरच म्हना की." हे निम्मं खरं होतं. आणि समोरच्यानं "म्हंजे सुई देतो का?" असं विचारलं, की मास्तरांना शाळेत काहीतरी काम आठवायचं.

खरा घोळ दिवाळीत झाला होता. पोरगं घरी आलं ते हातात वेताची टोपली घेऊन.

"बाजारातून आनली का?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई, मी विणली. प्रॅक्टिकल हाय आमाला. सुतारकाम हाय, हातमाग हाय."

मास्तरांनी आधी दार लावलं, मग तोंड उघडलं. "अरं, पोराच्या हातात पुस्तक यावं म्हणून आमच्या बापानं छप्पन्न साली गावकीची कामं सोडली. मालकाचं लाकूड फोडायचं सोडलं, सांगावे पोचवायचे सोडले. आन् सरकार तुला स्कॉलरशिप देऊन टोपल्या विणायला लावायलंय?"

बन्सीधरनं समजावलं. या विद्येचं नाव ऑक्युपेशनल थेरपी. लकव्यानं, पडल्या-झडल्यानं माणूस अडला, की त्याला औषधासारखं काम द्यायचं. कामानं हात सुटतो, आणि मग तो आपला आपण जेवतो, आपलं धोतर आपण नेसतो.

"कामानं बरं व्हतंय?" त्याची माय कडूबाई चुलीपाशी बसली होती, ती म्हणाली. "आमी जल्मभर दुसऱ्याच्या शेंगा फोडल्या, कापूस येचला. आमाला तर कोन्या कालेजानं डिग्री दिली न्हाई."

शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात मात्र प्रकरण गळ्याशी आलं. नागपूरच्या सरांनी फर्मावलं होतं: आपापल्या गावी एक पेशंट धरा. रोजचं असं एक काम, जे त्याला जमत नाही, ते त्याच्या त्याच्या हातानं करायला लावा. सरकारी डॉक्टरनं समोर बसून ते पाहिलं, अशी सही आणा. सही नसेल त्यानं परीक्षेला बसू नये. परीक्षा हुकली की वर्ष गेलं, वर्ष गेलं की स्कॉलरशिप गेली, आणि मग टोपल्या खरोखरीच विणाव्या लागल्या असत्या.

आता पेशंट कुठून आणायचा? लकव्याचा माणूस गावात एकच होता, दत्तराव. बाकीच्यांना लकवा परवडण्यासारखा नव्हता.

दत्तराव म्हणजे गावातली सगळ्यांत मोठी बागाइती. संक्रांतीच्या सुमाराला त्यांची उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं पुन्हा रुळला, हात मात्र कुशीत मांजर धरल्यासारखा दुमडून बसला. जीभ शाबूत राहिली. ही गोष्ट घरच्यांनी नफ्यात धरावी की तोट्यात, याचा निकाल अजून लागलेला नव्हता.

त्यांना रोज भरवायच्या त्यांच्या बायको, केशरबाई. जन्मभर ताट वाढून दाराआड उभी राहिलेली ही बाई आता घास हातात धरून म्हणायची, "आदी गोळी." दत्तराव तोंड फिरवायचे. केशरबाई घास खाली ठेवायच्या. सगळ्या जन्माची बाकी त्या सावकाश वसूल करत होत्या, आणि गाव म्हणत होतं, काय ती माउलीची सेवा!

बन्सीधर पहिल्यांदा त्या घरी गेला तेव्हा अडचण उभी राहिली ती आजाराची नव्हे, हात धरायची. हात धरला तर विटाळ, न धरला तर लकवा. शेवटी केशरबाईंनी तोड काढली. "दवाखान्यात कुठं कोन शिवाशिव पाळतंय? बैठकीला दवाखाना समजा." बन्सीनं हात धरला. तासभर बोटं ताणली, मनगट फिरवलं. मग चहा आला. दत्तरावांना कपबशीत, आणि बन्सीला कोनाड्यातल्या वेगळ्या काचेच्या गिलासात. दवाखाना हातापुरता होता. तो चहापर्यंत पोचलेला नव्हता.

बन्सी तो चहा ठेवून उठायचा. म्हणायचा, "मी घरून पिऊन आलो." हे तो रोज म्हणायचा, आणि रोज त्याला चहा यायचा. दोन्ही बाजूंनी रीत पाळली जात होती.

लिंबाजीचा बाप या माणसाला मालक म्हणायचा. मास्तर दत्तराव म्हणायचे. बन्सी आपल्या वहीत त्यांना पेशंट म्हणत असे. तीन पिढ्यांत आमच्या गावानं केलेली प्रगती ती एवढी, पण ती पक्की होती.

पुस्तकात लिहिलं होतं, उजवा हात गेला तर डावा तयार करा, चमचा द्या. बन्सीनं तसं सुचवलं.

"डाव्या हातानं जेवू?" दत्तराव ओरडले. "मग धुवू कशानं?"

पुस्तक ज्या मुलखात लिहिलं होतं तिथं हा प्रश्न कागदानं सुटलेला होता. इथं तो पाण्याचा होता. बन्सीनं पुस्तक मिटलं. हात सुटायचा तो उजवाच सुटायला हवा होता, आणि त्याला बळ हवं होतं अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत. अंगठा आणि दोन बोटं रोज लागतात असं काम कोणतं? मृगाच्या पेरणीसाठी बियाण्याच्या शेंगांचं पोतं ओसरीवरच पडलेलं होतं.

अशा रीतीनं लिंबाजी मास्तरांच्या पोरानं दत्तरावांना शेंगा फोडायला बसवलं.

पहिल्या दिवशी फुटली ती एक शेंग, आणि तीही निम्मी. पण ओसरीचं दार उघडं राहिलं होतं. दुपारपर्यंत गावात पोचलं की मालक शेंगा फोडायलेत. संध्याकाळपर्यंत त्याला शेपूट फुटलं की मालक रोजानं शेंगा फोडायलेत. पारावर म्हातारा आश्रुबा म्हणाला, "दुष्काळात सरकारनं समद्या गावाच्या हाताला काम दिलं. येक मालकच राह्यले होते. ते लिंबाजीच्या पोरानं दिलं." जन्मभर त्या घरी सालगडी राहिलेला आश्रुबा हे दिवसातून चार जणांना सांगायचा आणि प्रत्येकाला बजावायचा, "माजं नाव घेऊ नका."

दत्तरावांचा मुलगा भगवानराव सोसायटीचा चेअरमन व्हायच्या बेतात होता. त्याच्या कानावर हे सगळं आलं ते आश्रुबाच्या नावासकट. त्यानं बन्सीला वाटेतच गाठलं.

"आबाला मजुरी करायला लावायलास? तुज्या आज्याचा हिशेब काढायलास का आमच्यावर?"

"भगवानराव," बन्सी म्हणाला, "आज्याचा हिशेब काढायचा असता तर शेंगांवर भागलं नसतं. सबंध कापूस येचायला लावला असता."

भगवानरावाला हसू आलं, म्हणून तो जास्तच तापला. "बास झालं. उद्यापसून यायचं न्हाई. मी परभनीहून मालिशवाला आनतो. इज्जतीत मालिश करून जाईल."

बन्सीनं घरी येऊन सगळं सांगितलं. सुटीचे दिवस उरले होते थोडे आणि गावात दुसरा लकवा नव्हता. मास्तर म्हणाले, "मी बोलू का दत्तरावांशी?" कडूबाई म्हणाली, "तुमी बोलले तर तुमालाबी शेंगा फोडाव्या लागतील." मास्तर जागचे हलले नाहीत.

पण बोलावणं तिकडूनच आलं. दुसऱ्या दिवशी केशरबाई घास घेऊन बसल्या, "आदी गोळी" म्हणाल्या, आणि दत्तरावांचा बांध फुटला. आवाज रस्त्यावर ऐकू आला.

"भगवान! बलाव त्या पोराला!"

"आबा, लोकं हसायलेत."

"शेंगा फोडताना माजी इज्जत जाती, आन् तुजी माय माज्या तोंडात घास कोंबती तवा काय वाढती का? मरताना तरी माज्या हातानं खाऊ दे. मिरची किती लावायची ते मी ठरवीन!"

भगवानरावानं मधला मार्ग काढला. शेंगा फोडायच्या, पण आतल्या खोलीत, दार लावून. कुणी आलं तर आबा झोपलेत असं सांगायचं. मग गावाला दिसायला लागलं की दत्तराव दिवसभर झोपतात, आणि त्यांच्या खोलीतून टरफलं निघतात.

हात सुटत गेला. शेंगांनंतर भाकर आली. सुलाबाई, म्हणजे भगवानरावाची बायको, सकाळची गार भाकर आणून द्यायची आणि दाराशी उभी राहून बघायची. ज्वारीच्या भाकरीला कड असते, पापुद्रा असतो; बोटांना धरायला काहीतरी मिळतं. दत्तराव अंगठा रोवायचे, मनगट वळवायचे, घामाघूम होऊन तुकडा मोडायचे. तो तोंडापर्यंत नेताना नाकाला भेटून यायचा, पण पोचायचा. केशरबाई मात्र त्या खोलीत यायच्या नाहीत. "मला बगवत न्हाई," म्हणायच्या. त्यांना काय बघवत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

परभणीचे सरकारी डॉक्टर सहीसाठी रविवारी येतो म्हणाले. बन्सी आदल्या संध्याकाळी केशरबाईंकडं गेला.

"काकू, उद्या जेवायला भाकरच करा."

"डाक्टरसायबापुढं भाकर ठेवू? येड लागलं का तुला? पुरन घातलंय."

"मग आबांपुरती तरी."

"पाव्हन्याला पोळी आन् घरधन्याला भाकर? लोकं म्हनतील, हात गेला तर बायकोनं पोळी बंद केली."

नागपूरच्या पुस्तकात पुरणपोळीवर एक ओळ नव्हती.

रविवारी डॉक्टर गाडीतून उतरले. गोरे, गुबगुबीत, इस्त्रीची पँट घातलेले. पाट मांडले. डॉक्टर आणि दत्तराव शेजारी शेजारी, भगवानराव समोर. बन्सी दाराच्या चौकटीशी उभा. त्याला कुणी बस म्हणालं नाही. ताटं आली. केशरबाईंनी पोळीवर तूप ओतलं, थांबल्या, पाहुण्याकडं पाहिलं आणि मानासाठी आणखी ओतलं.

"हं, करा सुरू," डॉक्टर म्हणाले.

दत्तरावांनी अंगठा रोवला. पोळी सरकली. पुन्हा रोवला. पोळी ताटाला प्रदक्षिणा घालून जागेवर आली. तिसऱ्यांदा हाती आलं ते पोळीचं नुसतं वरचं आवरण, पुरण ताटातच राहिलं, आणि आवरणही तुपावरून निसटून धोतरावर पडलं. डॉक्टरांनी नजर आपल्या ताटात घातली. भगवानराव म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा. साहेबांना माहीत हाय, आजारी मानूस." आणि केशरबाई पुढं सरकल्या. सवयीनं त्यांनी घास केला, आणि सवयीनंच म्हणाल्या, "आ करा."

बन्सी चौकटीशी पांढरा पडला. हात लावायची त्याला बंदी होती. पेशंटनं एकट्यानं करायचं, हीच तर सगळी विद्या. सही डॉक्टरांच्या खिशातल्या पेनात अडकून होती.

दत्तरावांनी आ केला नाही. डाव्या हातानं ताट ढकललं.

"भाकर आना!"

"आज भाकर केली न्हाई," केशरबाई म्हणाल्या.

"केली हाय," आतून आवाज आला. सुलाबाई कधी पाहुण्यांसमोर बोलत नसे. "गड्यांसाठी केली हाय."

खरंच होतं. घरात पुरण शिजो की श्रीखंड, शेतावर गड्यांना भाकरीच जायच्या.

"अगं गड्यांची भाकर धन्याच्या ताटात?" केशरबाईंचा आवाज चढला.

पण सुलाबाई ती घेऊन आलीसुद्धा. पदर डोक्यावर, मान खाली, आणि हातात तळव्याएवढी जाड भाकर. बरोबर मिरचीचा गोळा. तिनं ते सासऱ्यापुढं ठेवलं आणि सासूकडं न बघता आत गेली.

दत्तरावांनी अंगठा रोवला. गड्यांच्या भाकरीला धरायला भरपूर जागा होती. मनगट वळलं. कटकन आवाज आला आणि तुकडा हातात राहिला. त्यांनी तो मिरचीला लावला, जास्तच लावला, आणि वर नेला. नाक चुकलं. तोंड लागलं. चावता चावता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मिरचीचं, असं ते पुढं सगळ्यांना सांगत. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. डॉक्टर पोळी विसरून बघत राहिले. भगवानराव एकदा बापाकडं आणि एकदा लावायचं राहून गेलेल्या दाराकडं बघत होता. दाराबाहेर आश्रुबाचं डोकं होतं.

"कुठं सही करायची?" डॉक्टरांनी विचारलं. उजवा हात तुपाचा होता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं पेन काढलं. डाव्या हातानं केलेली ती सही जरा वाकडी आली, पण आली. बन्सीनं कागद घडी घालून खिशात ठेवला. इथं त्याचं काम संपलं होतं. आता त्यानं नमस्कार करून निघावं, नागपूरची गाडी धरावी, आणि गावानं श्वास सोडावा.

डॉक्टर हात धुवायला ओसरीच्या कडेला गेले. सुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"वहिनी," बन्सी म्हणाला, "तांब्या आबांकडं द्या."

"आता काय?" दत्तराव गुरकावले. "सही झाली न्हाई का तुजी?"

"माझी झाली. भाकर मोडणारा हात झाला. तांब्या उचलणारा हात अजून व्हायचाय."

"तू मालकच झालास की रं माजा, मास्तरच्या पोरा."

"पाव्हनं ताटकळलेत, आबा."

भगवानरावानं डोळे मिटले. केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. दत्तराव काठी टेकत उठले. त्यांनी उजव्या हातानं तांब्याचा गळा धरला. हात वर गेला, आणखी वर गेला. डॉक्टरांनी ओंजळ पुढं केली. तांब्या कलला. पाण्यानं ओंजळ सोडून दुसरी वाट धरली आणि डॉक्टरांची इस्त्रीची पँट गुडघ्यापासून खाली भिजली. डॉक्टर उडी मारून मागं सरले.

तांब्या मात्र पडला नव्हता. तो हातातच होता, आणि त्यात निम्मं पाणी शिल्लक होतं.

"हलू नका, साहेब," दत्तराव म्हणाले. "हात धरा पुन्यांदा. माजा अभ्यास चालू हाय."