बंद करण्याचं कारण

मी शगुफ्ता. चंद्रपुरात बसून मोहर्लीकडच्या होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट करते. त्यांच्यासाठी एक प्लगइनही केलंय: कुणी खोली विचारली की तिथला कंप्युटर शाळा सुटल्यासारखी घंटी वाजवतो. लोक दोन महिन्यांत ते गुपचूप बंद करायचे आणि कारण काही सांगायचे नाहीत. माझं डोकं फिरलं. मी बंद करण्याआधी एक चौकट टाकली: ‘का बंद करताय?’ वीस अक्षरं लिहिल्याशिवाय सुटका नाही. म्हटलं, आता बघू कसे पळता!

परवा दुपारी सीताबाईंचं उत्तर आलं. मोहर्लीजवळच्या एका खेड्यात त्या एकट्याच तीन खोल्या चालवतात. लिहिलं होतं, ‘मामा ओट्यावर बसून आहे घंटी बंद पाहिजे’.

मला हसूच आलं. मामापायी धंदा बंद! चांगली थट्टा करावी म्हणून मी फोन उचलला आणि शेजारी बसणाऱ्या विक्कीला ते वाचून दाखवलं. विक्की त्याच भागातला. त्याने माझ्या हातातला फोन हिसकावला.

“फोन नका करू ताई! तिकडं रिंग वाजते न!”

“अरे, मामाच तर आलाय.”

“आमच्या इकडं जंगलात त्याचं नाव नाई घेत. मामा म्हणजे वाघ!”

कामात असतानाही ऐकू यावं म्हणून सीताबाईंनी घंटीचा स्पीकर बाहेर ओट्यावर टांगला होता. ते मीच सुचवलं होतं. विक्कीने वनखात्याला कळवलं. मी पडद्याकडे बघत बसले. प्लगइन बंद झालंय, एवढंच तिथे दिसत होतं. बाई जिवंत आहे की नाही, ते कुठे दिसतं? मनात दुआ मागत होते आणि स्वतःला शिव्याही देत होते.

तासाभराने सीताबाईंचाच फोन आला. वनखात्याच्या माणसांनी फटाके फोडून वाघाला हाकललं होतं. मला रडू फुटलं.

“बाई, पयले नुसतं ‘मामा आला’ लिहलं,” त्या म्हणाल्या. “लाल अक्षरात आलं, अजून लिहा. तेवढ्यात कोनीतरी खोली विचारली. घंटी वाजली तसा तो आंगनातून उठला, ओटा चढून दरवाजापाशी आला. मधात नुसती कडी होती.”

“मग तुम्ही काय केलं?”

“का करू? अक्षरं मोजत बसली.”