पेलाजियाची खळ

"या हॉटेलला गोळी शिवणार नाही! इथे राजे उतरलेत!" मॅनेजर कोस्टिस जिन्यावर उभा राहून गरजला. तेवढ्यात त्याच्यामागचं झुंबर खाली आलं. झुंबराला बहुधा ऐकू गेलं नसावं.

सायप्रसच्या निकोसिया शहरावर पहाटेपासून तुर्की सैनिक हवाई छत्र्यांनी उतरत होते. पाहुणे गाद्यांमागे दडले होते आणि ब्रँडीत लिंबू नाही म्हणून कुरकुरत होते. म्हणून वेटर हुलुसी बागेत लिंबं तोडायला गेला आणि मांडीत गोळी घेऊन झाडाखाली पडला. गोळी कोणाची, यावर ग्रीक आणि तुर्क दोन्ही बाजू आजही 'तुमचीच' म्हणतात.

धोबीखान्यातली पेलाजिया दारातून ओरडली, "अरे मेल्या, जिवंत आहेस का?"

"आहे गं बाई. घाई केलीस तर राहीनही!"

"तो तुर्क आहे," कोस्टिस पुटपुटला. "नेतील त्याचे लोक."

"बावीस वर्षं माझ्या हातचा कोट घालतोय तो. आणखी कोण हवेत त्याचे लोक?"

तिने मेजावरचं पांढरं कापड खराट्याला बांधलं आणि बाहेर पडली. पण पेलाजियाची खळ म्हणजे खळ! तिचं कापड भिंतीला टेकवलं तर उभं राहायचं. वारा होता, कापड फडकेना. समोरच्या गच्चीवरल्या शिपायाला दिसली ती चालत येणारी पांढरी फळी. फळीमागे बंदूक असणारच. त्याने घोडा ओढला. पेलाजियाच्या डाव्या हाताची दोन बोटं लिंबांत जाऊन पडली.

तिने खराटा टाकला नाही. कापड दातांत धरून चुरगाळलं, पायाखाली तुडवलं. बावीस वर्षांत स्वतःची इस्त्री तिने पहिल्यांदाच मोडली. मग ते फडकलं. गोळीबार थांबला. त्याच कापडावर घालून तिने हुलुसीला ओढत आणलं. फरशीवर दोघांच्या रक्ताचा एकच पट्टा उमटला.

दुपारी संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोप्यांचे शिपाई त्याला पलीकडच्या तुर्की वस्तीत न्यायला आले. पुढे हॉटेलच्या दोन्ही अंगांना शहर दुभागणाऱ्या काटेरी तारा लागल्या, त्या एकोणतीस वर्षं उघडल्या नाहीत. पण हे त्या दिवशी कुणाला ठाऊक? रक्ताने भिजलेला कोट तिच्या हातात देत हुलुसी स्ट्रेचरवरून म्हणाला,

"सोमवारी पाळी आहे माझी, तोवर धुऊन ठेव. आणि बाई, कॉलरला खळ जरा कमी घाल. मान कापते."