मास्तरांची सैल पँट
मास्तर लोकांच्या पँटी अंगासरशा शिवत आणि स्वतःची मात्र दर वर्षी आसनात आणखी सैल करत. दुकानात काजं-बटणं करणारी त्यांची बायको चिडवायची, "अहो, आत दुसरा संसार थाटलाय की काय?" मास्तर हसत नसत. चार वर्षांपूर्वी पाठदुखीचं निमित्त काढून त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, आणि अंगाला अत्तर फासू लागले. बायकोला निराळाच संशय आला. बाहेर कुणी तरी आहे! रडून झालं, मग तिनं तोंडाला कुलूप घातलं.

त्या दुपारी कापड बेतता बेतता मास्तर कोसळले. पँट रक्तानं भिजली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ती कात्रीनं कापली आणि बायकोला ते पहिल्यांदाच दिसलं. जांघांमध्ये फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा, तसाच खरबरीत मांसाचा गोळा. त्यात नवऱ्याचं अंग कुठे आहे तेच कळेना. वासानं तिनं नाकाला पदर लावला. हे सगळं भिंतीपलीकडे वाढत होतं आणि ती बापडी नसलेल्या सवतीला मनातल्या मनात शिव्या घालत होती.

"मुळात ही चामखीळच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विषाणूमुळे येते. एवढी मोठी क्वचितच होते. आत कॅन्सर आहे का, ते तपासायला लागेल. काढावी तर लागेलच, कदाचित लिंगाचा काही भागही जाईल."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "नको. मग तुला नवरा कुठला उरणार?"

"आणि गेली चार वर्षं कुठे होता?" ती ओरडली.

"तुला याची लागण होऊ नये म्हणून लांब झोपलो गं."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "हा विषाणू संबंधांतून पसरतो, पण दिसण्याआधी अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. कुणाकडून कुणाला आला, हे सांगता येत नाही. बाई, तुम्हालाही तपासायला हवं. याच्या काही प्रकारांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो."

तिचा हात आपसूक ओटीपोटावर गेला. पाळी कधीच थांबली होती, तरी अधूनमधून डाग दिसायचा. लाजेपायी तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी तो हात पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुलाही काही होतंय?"

ती नाही म्हणाली नाही.

मास्तर कोपरावर जोर देऊन कसेबसे उठले. "डॉक्टर, माझं काय कापायचं ते खुशाल कापा. पण आधी हिला आत न्या."