डब्याखालचा पाट

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा जुना पाट आहे. माझ्या एका कडेला भोक आहे आणि त्यात सुती दोरी ओवलेली आहे. पाटाला दोरी कशाला, असे तुम्हाला वाटेल. ते सांगतोच. पण आधी त्या रविवाराबद्दल सांगू द्या. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

ठाकुर्लीच्या त्या घरात सुहासिनीबाई अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत. त्या रविवारी त्यांची मुलगी देवयानी ठाण्याहून आली होती. दोघी वालाचे बिरडे जेवल्या, पंख्याखाली लोळल्या. निघताना बाई म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर. आणि तो खोकला दाखव डॉक्टरांना. उद्याच."

"झालं सुरू आमचं घर्षण!" देवयानी चपला घालत म्हणाली. आईला ती लाडानेही हेच म्हणे आणि चिडूनही.

"असू दे घर्षण. दिशा सांग आधी."

"मागे! अजून कुठे?"

"अजून तेच? परत बस वर्गात."

देवयानी हसत जिना उतरली. फोन करायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी दारालाच लटकलेली दिसली, म्हणून शेजारच्या सरोजताईंनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडले. बाई झोपेतच गेल्या होत्या.

माझा जन्म राजापूरकडच्या एका सुताराच्या पडवीत झाला. बाईंच्या लग्नात रुखवतात मांडला गेलो आणि त्यांच्याबरोबर या घरात आलो. दिवाळीत माझ्याभोवती रांगोळी निघे, तेल-उटण्याने मी न्हाऊन निघे. मग घरात टेबल आले आणि मी कपाटामागे गेलो. तिथे अंधारात किती वर्षे गेली, कोण जाणे.

एक दिवस बाईंनी मला ओढून बाहेर काढले, भोक पाडून दोरी बांधली आणि माझ्यावर पितळी डबा ठेवला. मला राग आला होता. रांगोळीतला पाट मी, आणि आता गाडा झालो?

पण शिकवणे सुरू झाले आणि मी राग विसरलो.

"विनीत, मी दोरी ओढली की पाट निघतो आणि डबाही निघतो. डब्यावर घर्षण कुठल्या बाजूला?"

"मागे, मॅडम. घर्षण उलटंच असतं ना."

"कशाच्या उलट?"

"म्हणजे... डबा जातो त्याच्या."

सगळा वर्ग मान डोलावी. दरवर्षी नवी मुले आणि चूक तीच. बाई माझ्यावर कॅरमची पावडर पसरत आणि दोरीला झटका देत. मी डब्याखालून निसटे आणि तो मागच्या मागे फरशीवर आदळे. खालच्या मजल्यावरचे गणूकाका ओरडत, "बाई, घर्षण पोचलं हो आमच्यापर्यंत!"

मुले हसून घेत. मग बाई मला ओल्या फडक्याने पुसत, वाळू देत आणि पुन्हा ओढत. डबा मुकाट माझ्याबरोबर येई.

"घर्षण नव्हतं तेव्हा डबा मागे राहिला. आता आला. मग त्याला पुढे कोणी आणलं?"

"घर्षणाने?"

"मग बाण पुढे काढ. ते जाण्याला आडवं येत नाही रे, घसरण्याला येतं."

डब्याला पुढे नेताना त्याची मागची ओढ मात्र माझ्या अंगावर येते. ती कोणाला दिसत नाही. दोरी धरलेल्या हाताला तेवढी कळते.

देवयानी अकरावीत असताना तिचे बाबा गेले. कॉलेज सोडून ती डोंबिवलीच्या एका दुकानात नोकरी ठरवून आली. बाईंनी नाही म्हटले. खूप भांडण झाले. "तू मला सतत मागे खेचतेस," असे म्हणून ती या खोलीतून निघून गेली. बाईंनी क्लासची आणखी एक तुकडी सुरू केली. संध्याकाळी घसा बसलेला असे, तरी त्या मला पुसूनच ठेवत. देवयानी शिकली, इंजिनियर झाली. भांडण मिटले आणि 'घर्षण' हे नाव तेवढे घरात राहिले.

दिवस-कार्य झाल्यावर घर आवरायला देवयानीचा मावसभाऊ सलिल आला. त्याने मला दाराशी नेले.

"ताई, हा भंगारात टाकू ना? भोकबिक पडलंय."

"ठेव तो इथे."

"अगं, करणार काय त्याचं?"

"ठेव म्हटलं ना, सलिल."

तो आतल्या खोलीत गेला. देवयानी फरशीवर बसली. फडके सापडले नाही, म्हणून ओढणीनेच तिने मला पुसले. सांध्यात जुनी पावडर अडकली होती, ती नखाने काढली. मग डबा ठेवला आणि दोरी ओढली. मी निघालो. डबा माझ्याबरोबर आला. दोरीवरचा तिचा हात थांबला, मग तिने पुन्हा ओढले.

मित्रांनो, पूर्वी मी तुमच्याकडे एवढेच मागितले असते, की जुन्या पाटाला कोरडे ठेवा, वाळवी लागू देऊ नका. आता आणखी एक मागतो. प्रश्न विचारणारे माणूस घरात आहे तोवर त्याला उत्तर द्या.

देवयानीने खडू घेतला. डब्याच्या पुढ्यात, माझ्या लाकडावर, तिने एक बाण काढला. रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली,

"पुढे, आई. मी मागे राहिले असते. तू नेलंस मला."